भिंतीकडे तोंड केलेली फरशी

माझ्या अब्बांनी आयुष्यभर लोकांच्या कबरी झाकल्या, आणि एका माशीपायी त्यांचीच कबर उघडायची वेळ आली होती. हे मी लिहून ठेवते आहे, कारण आसेगावात या गोष्टीच्या तीन आवृत्त्या फिरताहेत आणि तिन्ही खोट्या आहेत. एकीत तर मी स्वतः कुदळ घेऊन कब्रस्तानात गेले होते म्हणे. ज्याने ही आवृत्ती काढली त्याचं नाव मला माहीत आहे, पण ते असो.

अब्बांचं नाव दिलावर. ते पटावाच्या फरश्या घडवायचे. मयत कबरीत ठेवली की माती लोटायच्या आधी तिच्यावर आडव्या फरश्या लावतात, त्याला पटाव म्हणतात. कुठे कुठे लाकडाच्या फळ्या लावतात, पण आमच्या काळ्या मातीत फळ्या टिकत नाहीत. पावसाळ्यात ही माती फुगते, उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून दगड. मंगरूळपीरपासून पलीकडे धनजपर्यंतचे लोक आमच्या अंगणातून फरश्या न्यायचे.

दगड जगदेव काकांच्या विहिरीचा. विहीर खणताना काळा पत्थर फोडून खाली गेलं, तर कंबरभर जाडीचा एक पिवळसर थर लागला, आणि त्याच्याखाली परत काळा पत्थर. त्या पिवळ्या थराच्या फरश्या सरळ सुटतात. तो एका तळ्याचा तळ आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा येऊन थंड झाला, त्याच्यावर पाणी साचलं, पाण्यात गाळ बसत गेला आणि मग वरून दुसरा लाव्हा आला. हे मी अब्बांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी फरशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "तरीच म्या म्हणतो, याच्यात शंख काहून निंगतेत."

आमच्या अंगणाचा एक कायदा होता. कच्ची फरशी तोंड बाहेर करून ठेवायची. घडवून तयार झालेली, कोणाच्या तरी मयतीसाठी काढलेली फरशी भिंतीला टेकवायची, तोंड भिंतीकडे. ज्या घरात मयत झाली त्या घरचे लोक येतात तेव्हा त्यांना काही विचारायचं नाही, बोलायला लावायचं नाही. ते येतात, भिंतीकडे तोंड केलेल्या फरश्या उचलतात आणि जातात. बाकीचं नंतर. हा कायदा कुठे लिहिलेला नव्हता, पण आजूबाजूच्या वीस गावांना ठाऊक होता. मला तर चालता यायच्या आधीपासून ठाऊक होता.

म्हणूनच माझा स्वतःवरचा राग अजून गेलेला नाही.

मी मंगरूळपीरच्या कॉलेजात जीवाश्मांवर पीएचडी करते. जीवाश्म म्हणजे दगडात राहिलेले जीव, आणि माझे जीव म्हणजे कीटक. घरात यावर खूप हसून झालं आहे. माझा मोठा भाऊ वसीम म्हणायचा, "घरात जित्या माशा काय कमी हायेत, मेलेल्या कायले शोधून राह्यली?" डिसेंबरात एका सकाळी अब्बांनी अंगणातून हाक मारली.

"अफ्रीन, पाह्य बरं. तुह्यं काईतरी निंगालं."

त्यांनी फरशीच्या कोपऱ्यावर टाकी मारली होती आणि तळहाताएवढा एक पापुद्रा अलगद सुटून आला होता. त्या पापुद्र्यावर एक पंख. माझ्या करंगळीच्या नखाएवढा, तपकिरी, आणि त्यातल्या शिरा इतक्या स्पष्ट की मोजता याव्यात. खाली फरशीवर त्याचाच ठसा आणि त्या ठशाला लागून अंगाचा काळपट भाग. एकाच किड्याचे दोन अर्धे भाग, उघडलेल्या पुस्तकाच्या दोन पानांसारखे.

पापुद्रा मी रुमालात गुंडाळून कॉलेजात नेला. फरशी मोठी होती, दोन माणसांनी उचलायची. ती मी अब्बांच्या मदतीने भिंतीपाशी सरकवली. अंगणात बकऱ्या असतात, धूळ असते. ठशाला काही होऊ नये म्हणून मी तिचं तोंड भिंतीकडे केलं.

अब्बा हसले. "तोंड भितीकडं केलं. कोणाची मयत काढली बाप्पा?"

"राहू द्या अब्बा, दोन दिवसांत नेते."

दोन दिवसांचे आठ दिवस झाले. कॉलेजची गाडी मिळत नव्हती. नवव्या दिवशी दुपारी अब्बा त्याच अंगणात हातोडी हातात धरून बसल्या जागी गेले. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. मी आत बायकांमध्ये होते, अम्मीचा हात धरून. बाहेर वसीम आणि चार माणसं आली, भिंतीकडे तोंड केलेल्या फरश्या त्यांनी उचलल्या आणि गेले. ती फरशी वेगळी आहे, हे माझ्याखेरीज फक्त एका माणसाला माहीत होतं. त्या दिवशी त्यालाच विचारता येत नव्हतं.

चौथ्या दिवशी मी अंगणात आले तेव्हा भिंत रिकामी होती. मी वसीमला विचारलं. तो आधी समजलाच नाही, आणि समजला तेव्हा भिंतीकडे वळला.

"म्याच लावली ते," तो म्हणाला. "छातीच्या वर आली. तोंड खाली."

घडवलेलं तोंड मयतीकडेच करतात. खडबडीत पाठ मातीकडे.

आता त्या दुसऱ्या अर्ध्या भागावाचून काय अडलं होतं, ते सांगते. माशीला पंख दोन असतात. बहुतेक उडणाऱ्या किड्यांना चार असतात, मधमाशीला चार, फुलपाखराला चार, चतुराला चार. माशीच्या पूर्वजालाही चारच होते. त्यातले मागचे दोन लहान होत होत नुसत्या दोन गुंड्या उरल्या. दांडीवर बसवलेल्या गुंड्या, मोहरीहून बारीक. पुस्तकात त्यांना संतोलक म्हणतात. माशी उडते तेव्हा त्या थरथरत राहतात आणि तिचा तोल सांभाळतात. त्या काढल्या की चांगले दोन पंख असूनही माशी गिरकी खाऊन पडते. चोवीस कोटी वर्षांपूर्वीच्या दगडांतही माशा सापडतात, म्हणजे हा सगळा उद्योग त्याच्याही आधी सुरू झाला. मला हे इतकं आवडतं की लग्नाच्या बोलणीला आलेल्या पाहुण्यांनाही मी हे सांगितलं होतं. ते परत आले नाहीत.

माझ्या दगडातल्या पंखाला एक मुख्य शीर होती आणि तिचे पाच फाटे होते, पाचही पंखाच्या काठापर्यंत गेलेले. आजच्या घरमाशीत ते फाटे एकमेकांत मिसळून कमी झालेले असतात. पाचही शाबूत म्हणजे माशांच्या मुळाजवळून फुटलेलं जुनं घराणं. असलं घराणं आमच्या तळ्याकाठी साडेसहा कोटी वर्षांपूर्वीही टिकून होतं, असं माझं म्हणणं.

पण पाच फाट्यांचा तसाच पंख विंचूमाशीलाही असतो. नावात माशी असली तरी ती माशी नव्हे. ती माशीची चुलत बहीण, आणि तिचे चारही पंख जागेवर आहेत. म्हणजे प्रश्न एकच. पंखाच्या मागे दुसरा पंख आहे की गुंडी? माझ्या पापुद्र्यावर त्या जागी दगडाची पातळ साय होती, काही दिसत नव्हतं. अंग फरशीवर राहिलं होतं आणि फरशी अब्बांवर होती.

माझे मार्गदर्शक डॉ. इंद्रभान. माणूस वाईट नाही. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी माझ्यासारख्या गावाकडच्या मुलींना दगड हातात दिले नसते, तर आज मी हे लिहीत नसते. पण त्यांना वाट पाहणं जमत नाही. फेब्रुवारीत त्यांनी मला खोलीत बोलावलं.

"अफ्रीन, महिनाअखेर शोधनिबंध जातो आहे. तू माशी म्हणते आहेस. पुरावा दे."

"पंखाच्या शिरा आहेत सर."

"शिरा विंचूमाशीच्याही आहेत. दुसरा भाग आण. नाहीतर मी 'विंचूमाशी, अपूर्ण नमुना' असं एका ओळीत टाकून देतो आणि तू दुसरा विषय घे. तीन वर्षं गेली तर गेली."

"सर, दुसरा भाग कुठे आहे ते मी तुम्हाला सांगितलंय."

"सांगितलंस. फक्त माती बाजूला करायची आणि एक फरशी बदलायची. साडेसहा कोटी वर्षांचा नमुना आहे आणि दीड महिन्याची कबर. जरा विचार कर."

मी विचार केला. खोटं कशाला बोलू, तीन रात्री केला. ती फरशी तशीच राहिली तर माझी माशी माशी राहणार नव्हती. कोणीतरी एका ओळीत तिला दोन जादा पंख देऊन मोकळं होणार होतं, आणि पुढे तिला पाहणारा प्रत्येक जण तेच वाचणार होता. वसीमने तर मनाची तयारी केली होती. तो माझ्याशी बोलताना माझ्याकडे पाहत नव्हता.

"म्याच लावली, मीच काढतो. कब्रस्तानच्या कमिटीच्या लोकाईशी बोलतो. तुह्यं नुकसान माह्यामुळं झालं."

"तुझ्यामुळे नाही झालं. तोंड मी फिरवलं होतं."

"मंग दोघं मिळून काढू."

त्याचा चेहरा पाहून मला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला. मी त्याला म्हटलं की मी नाही म्हटल्याशिवाय आणि हो म्हटल्याशिवाय तू कोणाकडे जायचं नाहीस. तो म्हणाला, हे काय बोलणं झालं. खरंच, ते काही बोलणं नव्हतं.

त्या रविवारी सर गाडी घेऊन आमच्या अंगणात आले. मला कल्पना न देता. त्यांना वाटलं असावं, घरच्यांना समजावलं की मुलगी ऐकेल. अम्मीने त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. माझी अम्मी, मेहरुन्निसा, परक्यांशी बोलायला हिंदीत सुरुवात करते आणि रागावली की वऱ्हाडीवर येते. सरांनी बराच वेळ समजावलं. ज्ञान, देश, तिच्या मुलीचं भविष्य. अम्मी "जी, जी" करत होती. सर म्हणाले, "शेवटी तो एक दगडच आहे, ताई."

अम्मीने पदर नीट केला.

"सर, तुमचे वडील हायेत?"

"नाहीत. सहा वर्षं झाली."

"मंग अस्थी कुठं सोडल्या?"

"कौंडण्यपूरला. वर्धा नदीत."

"उद्या कोणाले त्यातला एक तुकडा अभ्यासाले पायजे असंल, तर नदी उपसान काय?"

सरांच्या हातातला कप तसाच राहिला.

"माह्या माणसानं चाळीस वर्षं दुसऱ्याईच्या कबरीवर फरश्या देल्ल्या," अम्मी म्हणाली. "एक बी परत उचलली नाई. एकदा एकानं इचारलं होतं, माप चुकलं, बदलून द्या. थे म्हणे, लावली थे लावली. आता त्याची उचलाची? चहा घ्या, निवून राह्यला."

सर उठले. जाताना फाटकापाशी थांबून मला म्हणाले, "महिनाअखेर." मी म्हटलं, "माहीत आहे सर." त्या क्षणी मला ते फार परके वाटले.

ते गेल्यावर अम्मी ओट्यावर बसली. बराच वेळ ती बकरीकडे पाहत होती. मग तिने मला जवळ बोलावलं.

"त्या गुंड्या किती असतेत म्हणे तू?"

"दोन."

"एक या अंगाले, एक त्या अंगाले?"

"हो."

"थो किडा कुशीवर पडला की उताणा?"

"कुशीवर."

"मंग एका अंगाची गुंडी तुह्या बापाजवळ गेली. दुसऱ्या अंगाची कुठं हाय?"

हे मला सुचलं नव्हतं असं नाही. पापुद्र्यावरच्या त्या सायीखाली दुसरी गुंडी असू शकते, हे मी सरांना पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. ते म्हणाले होते, साय काढायला गेलीस तर पंखही जाईल, हात लावायचा नाही. आणि मी मुकाट मान हलवली होती. तीन वर्षं शिकून मी मान हलवायलाच शिकले होते.

"अम्मी, ती साय कागदासारखी पातळ आहे. पंखाला चिकटलेली. काढणार कोण?"

"तीस वर्षं कोणी काढली?"

आता हे बाहेर कोणाला माहीत नाही, म्हणून लिहिते. अब्बा फरशी फोडायचे. पण फरशीच्या तोंडावरचा शेवटचा पापुद्रा, जो काढल्याशिवाय ती गुळगुळीत होत नाही, तो अम्मी काढायची. मागच्या अंगणात, भाकरी झाल्यावर. नखाने दगड वाजवायची, कान लावायची, आणि जिथे आवाज पोकळ तिथे बारीक टाकी ठेवायची. लोक म्हणायचे, दिलावरचा हात काय साफ आहे. अम्मी आत ते ऐकायची आणि काही म्हणायची नाही. अब्बाही म्हणायचे नाहीत. माझं अब्बांवर जीवापाड प्रेम होतं, पण हे त्यांचं चुकलंच.

सोमवारी सकाळी आम्ही दोघी मंगरूळपीरच्या एसटीत बसलो. अम्मीच्या पिशवीत अब्बांची सगळ्यांत बारीक टाकी होती, टोक घासून तिने आणखी बारीक केलेली, आणि कुंकवाच्या डबीएवढी एक हातोडी. बसमधून मी सरांना फोन केला. चोरून काही करायचं नव्हतं.

"सर, मी आज नमुन्यावरची साय काढते आहे. माझी आई काढणार आहे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"हात लावलास तर तुझा माझा संबंध संपला, अफ्रीन."

"जी सर. अकरा वाजता प्रयोगशाळेत आहे. यायचं असेल तर या."

अम्मी खिडकीबाहेर तूर कापलेल्या वावरांकडे पाहत होती. तिने विचारलंही नाही की सर काय म्हणाले.

प्रयोगशाळेत मी आधी नमुन्याचे चाळीस फोटो काढले, सगळ्या बाजूंनी, मापपट्टी ठेवून. मग अम्मीला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. तिने डोळा लावला आणि लगेच मागे झाली.

"या अल्लाह. एवढा मोठा?"

"मोठा नाही अम्मी, काच मोठं दाखवते."

तिने परत डोळा लावला. या वेळी बराच वेळ लावून ठेवला. पंखाच्या शिरांवरून तिची नजर फिरत असावी, कारण तिची बोटं टेबलावर तशीच फिरत होती. "किती सुबक हाय," ती म्हणाली. मग तिने नमुना सूक्ष्मदर्शकाखालून काढून तळहातावर घेतला. मी म्हटलं, असं नाही, काचेखाली ठेवून करायचं असतं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी हात मागे घेतला. तिने दगड कानाजवळ नेला आणि नखाने वाजवला. पंखाच्या टोकाशी, मध्ये, मुळाशी. मुळाशी दोनदा.

"इथी पोकळ हाय."

मला तिन्ही आवाज सारखेच वाटले होते.

तिने "बिस्मिल्ला" म्हणून टाकी टेकवली तेव्हाच दार उघडलं. इंद्रभान सर. धापा टाकत आले होते, जिना चढून.

"थांबा! ताई, थांबा!"

अम्मीने मान वर केली नाही.

"सर, आता बोलू नोका. दगड ऐकू येत नाई."

आणि इंद्रभान सर, ज्यांच्यासमोर प्राचार्यही उभे राहतात, ते दाराशी गप्प उभे राहिले.

अम्मीने सात टिचक्या मारल्या. मी मोजल्या. चौथ्या टिचकीला पंखाच्या टोकाचा एक तुकडा उडाला. पाच फाट्यांमधल्या दोन फाट्यांची टोकं गेली होती. सरांच्या तोंडून आवाज निघाला. अम्मी क्षणभर थांबली. मला वाटलं, ती आता टाकी खाली ठेवेल. मीच ठेव म्हणणार होते. मग मला आठवलं की पंखाचे चाळीस फोटो माझ्याजवळ आहेत, आणि गुंडीचा एकही नाही.

"चालू दे अम्मी," मी म्हटलं.

सातव्या टिचकीला साय सुटली. अम्मीने ती फुंकर मारून उडवली नाही, चिमटीत धरून कागदावर ठेवली, जसं फरशीचे पापुद्रे ठेवायची. मी नमुना काचेखाली घेतला.

पंखाच्या मुळामागे एक बारीक दांडी होती. तिच्या टोकाला एक गुंडी. गोल, काळसर, चांगली शाबूत. मागे दुसरा पंख नव्हता. कुठेच नव्हता.

मी बाजूला झाले आणि सरांना जागा दिली. ते वाकले. इतका वेळ वाकून राहिले की त्यांची पाठ दुखली असेल. उठले तेव्हा चष्मा हातात होता.

"संतोलक," ते म्हणाले. मग अम्मीकडे वळून म्हणाले, "ताई, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"कोणी शिकवाले कायले पायजे? दगडानं शिकवलं."

सर खाली बसले. संबंध संपल्याची गोष्ट त्यांनी काढली नाही, मीही काढली नाही. पण पंखाच्या टोकाची तक्रार त्यांनी केली, दोनदा केली, आणि ती बरोबरच होती. मी ती ऐकून घेतली. त्या दोन फाट्यांच्या टोकांसाठी मला अजून वाईट वाटतं.

खरं भांडण झालं ते तीन आठवड्यांनी, शोधनिबंध पूर्ण होताना. सरांनी महिनाअखेरची मुदत स्वतःच पुढे ढकलली होती. निबंधात एक रकाना असतो, नमुना कुठे आहे, कोणाला मिळाला, कोणी साफ केला. मी लिहिलेलं वाचून सरांनी पेन खाली ठेवलं.

"दुसरा भाग 'गहाळ' असं लिही. सगळे तसंच लिहितात."

"गहाळ नाही सर. कुठे आहे ते मला माहीत आहे."

"जगभरचे लोक वाचतील. हसतील."

"हसू द्या."

"शास्त्रात असं लिहीत नाहीत, अफ्रीन."

"नमुना कुठे आहे ते लिहितात ना? मी तेच लिहिलंय. खोटं लिहायचं असेल तर विंचूमाशी काय वाईट होती?"

सर लाल झाले. त्यांनी मला खोलीबाहेर जायला सांगितलं. मी गेले नाही. मी खुर्चीवर बसून राहिले आणि मला स्वतःचंच नवल वाटलं. खोलीत पंखा फिरत होता आणि टेबलावरच्या कागदाचा कोपरा उडत होता. शेवटी सरांनीच त्याच्यावर हात ठेवला.

"निदान 'छातीवर' काढ."

"छातीवरच आहे सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काय वाटलं त्यांना कोण जाणे, कदाचित कौंडण्यपूर आठवलं असेल. त्यांनी पेन उचललं आणि पानाच्या खाली सही केली.

संध्याकाळी घरी आले तर वसीम अंगणात नवी फरशी घडवत होता आणि अम्मी शेजारी बसून उघड्यावर, सगळ्या रस्त्यासमोर, तिचा शेवटचा पापुद्रा काढत होती. मी कागद काढला.

"वाच," अम्मी म्हणाली. "मराठीत सांग. तुह्यं इंग्रजी नोको."

मी वाचलं. "फरशी फोडणारे, दिलावर, आसेगाव. साय काढणाऱ्या, मेहरुन्निसा, आसेगाव. नमुन्याचा पहिला भाग महाविद्यालयात आहे. दुसरा भाग आसेगावच्या कब्रस्तानात, दिलावर यांच्या छातीवर आहे, तोंड खाली. तो तपासणीसाठी मिळणार नाही."

वसीमने हातोडी खाली ठेवली आणि तोंड फिरवलं. अम्मीने नखाने फरशी वाजवली, कान लावला.

"शेवटची ओळ परत वाच," ती म्हणाली.

मी परत वाचली.